पानिपतच्या गोदामात आलेला वास

आधीच सांगते, मी या पेजवर येते ती जेवताना टाइमपास म्हणून. तिठ्यावरची बाई, बंद पडलेली गाडी, मागून आलेली हाक... वाचायचं, खाली 'बापरे' टाकायचं आणि ताट उचलायचं. विश्वास वगैरे माझा कधीच नव्हता. बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि आई मुद्दाम अमावास्येचं तिकीट काढायची — का, तर गाडीला गर्दी कमी असते! अशा घरात मी वाढले. त्यामुळे भूतबित हवं असेल तर इथेच थांबा. मला कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. फक्त एक वास आला. आता वास काय, सगळ्यांनाच येतो. मला येत नाही, म्हणून लिहितेय.

मी मृणाल. मूळची पुण्याची, लग्नानंतर नोएडात. मी आणि नवरा अभिजित दोघंही आयटीत, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, खाली गेटवर रजिस्टर आणि सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर भांडणं. थोडक्यात, एनसीआरमधल्या हजारो घरांसारखं घर. यात गूढ असं काही नाही.

वासाचं सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल. आई पुण्यात घरी उटणं करून विकायची. दसरा झाला की आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, संत्र्याची वाळवलेली साल, सगळं वर्तमानपत्रांवर पसरलेलं. आई ते कुटायची आणि मग घरातल्या सुती साडीचा पदर नाका-तोंडावर बांधून वस्त्रगाळ करत बसायची. मास्क लावायची सवय तिला सगळ्या जगाच्या आधीपासून होती. त्या साड्या कितीही धुवा, त्यांचा वास जायचा नाही. शाळेतून येऊन मी तिच्या पाठीला नाक लावून उभी राहायचे आणि ती म्हणायची, "हो बाजूला, सांडेल सगळं." पण स्वतः कधी बाजूला व्हायची नाही.

दुसऱ्या लाटेत आम्ही दोघं इथे आणि आई तिथे, एकदमच पॉझिटिव्ह झालो. आम्ही बरे झालो. म्हणजे माझं नाक सोडून. एका सकाळी चहात आलं ठेचून घातलं आणि कपात नुसतं गरम पाणी असावं तसं लागलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती स्वतः धापा टाकत होती, पण काळजी माझ्या नाकाची. मग तिला हॉस्पिटलात हलवलं. तिथून एकच व्हिडिओ कॉल झाला, तोही एका नर्सने फोन धरून लावून दिला म्हणून. आईने ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला आणि विचारलं, "मिनू, वास आला का गं?"

मी म्हटलं, "नाही अजून. येईल गं. तू मास्क लाव आधी."

नर्सने मास्क परत लावला. ते आमचं शेवटचं बोलणं. बाबा आधीच गेलेले, त्यामुळे पुढचं सगळं दादाने एकट्याने केलं, तेही लांबून. मी चौदाव्या मजल्यावर क्वारंटाइनमध्ये होते, दाराबाहेर कचऱ्याची बादलीसुद्धा ठेवायची सोय नव्हती, कारण ग्रुपवर आमचा फ्लॅट नंबर फिरत होता. मला रडू आलं नाही. लॅपटॉप उघडला आणि मीटिंगला बसले. कॅमेरा बंद ठेवला एवढंच.

प्रवास करता आला तेव्हा पुण्याला गेले. वहिनीने कपाटामागून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. अँब्युलन्स आली तेव्हा आईने बदललेली घरातली साडी त्यात होती. नातेवाईक जाळून टाका म्हणत होते, विषाणू असतो म्हणून. वहिनीने हातमोजे घालून ती एकात एक तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली आणि टेप गुंडाळला. का जाळली नाही ते तिलाही सांगता येत नव्हतं. म्हणाली, "न धुतलेली आहे ताई. तुमच्यासाठी ठेवली."

विचार करा, माझ्या आईचा वास माझ्या हातात होता आणि मला नाक नव्हतं!

तेव्हाच ठरवलं की उघडायची नाही. एकदा उघडली की वास उडून जाणार, आणि मला तो कळायचाही नाही. नाक परत आलं की दार लावून बसायचं आणि उघडायची. मग मी नोएडाला येऊन वास यावा म्हणून जे जे करतात ते सगळं सुरू केलं. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. आठवून आठवून डोकं दुखायचं, वास काही यायचा नाही. दीड वर्ष गेलं तसंच.

लोकांना यात काही दुःखाचं आहे हेच पटत नव्हतं. "जीव वाचला ना, नाकाचं काय घेऊन बसलीस" हे किती जणांनी ऐकवलं! ऑफिसमधले म्हणायचे, "यार, दिल्लीच्या हवेत नाक बंद असणं तर ब्लेसिंग आहे." सगळे हसायचे, मीही हसायचे. कंपनीने वेलनेसचे वेबिनार ठेवले, त्यात श्वास मोजायला लावायचे. त्याच यादीतली एक समुपदेशक मात्र बरी निघाली. तिच्याशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचे, आमच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. फक्त तिला पिशवीबद्दल सांगितलं होतं. तिने विचारलं, "उघडली तर काय होईल, असं वाटतं?"

मी म्हटलं, "संपेल."

गाडीत बसून का, तर घरात सासूबाई होत्या. सासरे पहिल्या लाटेत गेले, आणि दुसरी ओसरल्यावर त्या नाशिकहून आमच्याकडे आल्या होत्या. माझी आई 'ए आई' आणि या 'अहो आई'. माणूस चांगलं, हात सढळ, नाक तर असं की आतल्या खोलीत टीव्ही बघताना दूध उतू जायच्या बेताला आलंय हे कळायचं. पण मनाचं बोलणं काढलं की विषय बंद. एकदा माझा फोन कानावर पडला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू वेड्यांच्या डॉक्टरशी बोलतेस? बाहेर नको हं बोलूस कोणाला. माणसं काय आमच्या घरातली गेली नाहीत? मन कामात घालायचं." म्हणून मग पिशवीचं मी त्यांना सांगितलंच नाही. अभिजितला एवढंच माहीत होतं की आईची काहीतरी वस्तू वरच्या कप्प्यात आहे.

थंडी सुरू झाली होती. एका शनिवारी मला ऑफिसात जावं लागलं. संध्याकाळी आले तर सासूबाई दारातच उभ्या, चेहरा फुललेला. हातात स्टीलचा नवा कोरा डबा.

"बघ तरी मृणाल! खाली रस्त्यावर बोहारीण बसली होती. मी म्हटलं, या नोएडात बोहारीण! नाशकातसुद्धा आता दिसत नाहीत गं. हिंदीत घासाघीस केली, पण केली. कडी बघ कशी घट्ट बसते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जुने कपडे घेऊन भांडी देते ती बोहारीण. आपल्या आयांच्या पिढीला तिच्याशी हुज्जत घालण्यात जो आनंद मिळायचा तो आपल्याला सेलमध्येही मिळत नाही. मीही हसले. आणि मग विचारलं, "अहो आई, काय दिलंत तिला?"

"अभीचे जुने शर्ट, माझे दोन परकर. डब्याला कमी पडत होतं, तर वरच्या कप्प्यात टेप लावलेली एक पिशवी होती ना, जुनेर भरलेली..."

पुढचं मला नीट आठवत नाही. अभिजित सांगतो की मी ओरडले नाही, तशीच जमिनीवर बसले आणि डब्याचं झाकण काढत-लावत राहिले. सासूबाईंना त्यानेच सांगितलं असावं. थोड्या वेळाने त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, तोंड उतरलेलं. "अगं, मला बोलली असतीस तर मी हात लावला असता का?" एवढंच म्हणाल्या. आणि खरंच होतं ते. मी बोलले असते तर त्यांनी ती पिशवी देवघरात नेऊन ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई त्याच जागी सापडली. ती म्हणाली, "वो तो निकल गया दीदी. थैली खोली थी मैंने, सूती साड़ी थी, फीकी-सी. सारा माल एक साथ पानीपत वाले को दे दिया." देशभरातले जुने कपडे फाडून नवा धागा करायला पानिपतलाच जातात, तिने तिथल्या त्या व्यापाऱ्याचा नंबर दिला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, येऊन बघा, मिळालं तर घेऊन जा.

अभिजितने गाडी काढली. सासूबाई आमच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, स्वेटरवर शाल घेऊन. "माझ्या हातून गेलंय, मी येणार," म्हणाल्या. हायवेवर अभिजित, मला हसवायचं म्हणून असेल, म्हणाला, "मराठी माणूस पानिपतावर निघालाय, काय होणार ते माहीतच आहे." कोणी हसलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की पिशवी उघडलेली आहे आणि प्रत्येक मिनिटाला वास कमी होतोय.

पानिपतच्या बाहेर एका मोठ्या पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. व्यापाऱ्याचा मुनीम भला माणूस होता. "आप लोग अंदर बैठिए, मैं दूसरे गोदाम में पूछता हूँ," म्हणाला. अभिजित त्याच्याबरोबर गेला. आम्ही दोघी आत.

आत कपड्यांचे डोंगर होते. रंगांप्रमाणे लावलेले — लाल एकीकडे, निळे एकीकडे, काळ्यांचा ढीग तर पत्र्यापर्यंत. दुपारचं ऊन वरच्या फटींतून येत होतं आणि त्यात लोकरीचे बारीक तंतू तरंगत होते. लांबच्या कोपऱ्यात काही बायका बसून कपड्यांची बटणं आणि चेन कापून वेगळ्या करत होत्या. मी जवळच्या ढिगाकडे पाहिलं. यात आईची साडी कशी शोधायची? आणि शोधून तरी काय, मला वासाने ओळखताही येणार नव्हती. सासूबाईंनी धुळीमुळे शालीचं टोक नाकावर धरलं होतं.

तेवढ्यात माझ्या नाकात काहीतरी हललं.

मला आधी ते वास म्हणून कळलंच नाही. इतके दिवस तिथे काहीच नव्हतं ना... आधी झोंबल्यासारखं झालं, मग थंड, मग एकदम आंबेहळद. कपूरकाचरी. नागरमोथ्याचा तो मातकट वास. त्याखाली फोडणीचा हिंग आणि घाम, म्हणजे आई. साठ्यातलं उटणं नव्हे, अंगावरच्या साडीतलं. आणि त्यात आणखी एक काहीतरी होतं, तिखटसर, जे माझ्या ओळखीचं नव्हतं. मी श्वास सोडेना. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की असे भास होतात, नाक नसलेल्यांना नसलेले वास येतात. म्हणून मी गप्प उभी राहिले. कोणाला म्हणून सांगितलं नाही, बाजूला उभ्या असलेल्या सासूबाईंनाही नाही.

सासूबाईंनी शाल नाकावरून खाली घेतली. इकडे तिकडे बघितलं.

"इथे उटणं कोण कुटतंय?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं, तुझ्या आईकडून यायचं दिवाळीला, तसलं. तेच आहे हे." त्यांनी अजून एक श्वास घेतला. "पण यात ओवा आहे. ओवा आणि कापूर. उटण्यात ओवा कशाला घालेल कोणी?"

ओवा. ते तिखटसर जे मला ओळखता येत नव्हतं, ते. त्यांनी नाव घेतलं आणि मला ते लख्ख कळलं.

मला वळायचा धीर झाला नाही. कारण तो वास ढिगाकडून येत नव्हता, माझ्या मागून येत होता. अगदी जवळून. लहानपणी मी आईच्या पाठीला नाक लावून उभी राहायचे ना, तेवढ्या जवळून, फक्त आता उलटं. सासूबाईंनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "बोल गं तिच्याशी. थांबायची नाही ती फार वेळ."

दीड वर्ष साठवलेलं कितीतरी होतं. पण तोंडातून आलं ते एकच.

"आला, आई. वास आला."

मग मी रडले. त्या सगळ्या दिवसांचं, कॅमेरा बंद करून केलेल्या त्या मीटिंगचं, सगळं एकदम बाहेर आलं. सासूबाई मला धरून उभ्या होत्या आणि त्याही रडत होत्या. कोपऱ्यातल्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. वास किती वेळ होता ते सांगता येणार नाही. आधी हिंग गेला, मग हळद. शेवटी नुसता कापूर राहिला, आणि मग काही नाही. नाक परत पूर्वीसारखं बंद झालं.

अभिजित आणि मुनीम परत आले. साडी मिळाली नव्हती. सुती मालाचं काम दुसरीकडे होतं आणि तो सगळा सकाळीच मशीन पुसायच्या फडक्यांसाठी कापून झाला होता. मुनीम हात जोडून म्हणाला, "माफ़ करना मैडम."

सासूबाईंनी त्याला विचारलं, "भैया, इस ढेर में तो नहीं होगी? यहाँ से ही वास आ रहा था... मतलब, खुशबू."

"यहाँ? यहाँ साड़ी आती ही नहीं माताजी. ये सब बाहर का ऊनी माल है, कोट-स्वेटर. जहाज़ से आता है."

अभिजितने मोठा श्वास घेऊन पाहिला. त्याला धूळ आणि डिझेल सोडून कसलाही वास आला नाही.

परतताना मी गाडीतूनच वहिनीला फोन लावला. सरळ विचारलं, "आईच्या त्या साडीला ओव्याचा वास का येईल?" ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं? शेवटच्या दिवसांत आई ओवा आणि कापराची पुरचुंडी पदराला बांधून ठेवायच्या. दम लागला की हुंगायच्या. गाठ तशीच आहे साडीला, मी सोडली नाही."

मी तेव्हा नोएडात होते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सासूबाईंना कोण सांगणार?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमचा भास होता, मेंदू करतो असं. बरं, माझा भास. मग सासूबाईंचं काय? त्यांचं नाक तर शाबूत आहे. अभिजित म्हणतो की त्या काळात अर्धा देश ओवा-कापूर हुंगत होता, कुठल्या तरी कामगार बाईकडे असेल. असेल. त्या बाईच्या अंगाला कपूरकाचरी आणि नागरमोथ्याचाही वास येत असेल? खाली कमेंटमध्ये कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त शांती करून घ्या म्हणून सांगू नका. मला ती शांत व्हायला नको आहे. परत यायला हवी आहे.

तो डबा मी वापरत नाही. सासूबाईंनीही कधी मागितला नाही. पानिपतहून आल्यावर काही दिवसांनी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझी ती फोनवरची बाई... तिला मराठी समजतं का गं?" मी नंबर दिला. आता आठवड्यातून एकदा त्या आतल्या खोलीचं दार लावून घेतात आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते. सासऱ्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दाराआडून पहिल्यांदा ऐकलं.

माझं नाक अजून आलेलं नाही. चार बाटल्या चालू आहेत. या दिवाळीला सासूबाईंनी करोल बागेतल्या एका जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून एकेक जिन्नस हुडकून आणला आणि उटणं केलं. आईची कृती कोणाकडेच नाही, त्या अंदाजाने घालतात, हुंगतात, डोळे मिटून पानिपत आठवतात आणि मान हलवतात. "नागरमोथा कमी पडला," म्हणतात. जगात पानिपतचा तो वास आठवणारी माझ्याशिवाय ती एकच बाई आहे, आणि ती माझ्या आईला उभ्या जन्मात चार-पाचदाच भेटली होती.

नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी माझ्या हाताला उटणं लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या.

"वास आला का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं, "येईल."